हाताची घडी, तोंडावर बोट

त्र्याहत्तर साली खुटबावच्या अंजनाबाई बालवाडीचं ट्रेनिंग करून आल्या. तिथं एकच घोकून घेतलं होतं: पोरांना खेळू द्या. पण बालवाडी भरायची हौसरावांच्या ओसरीवर, आणि त्यांच्या लेखी लेकरू गप्प बसलं की शिकलं!

"बाई, शाळा हाय का जत्रा?" ते खेकसायचे. त्यांची चप्पल वाजली की अंजनाबाई झटकन ठोकळे पेटीत टाकायच्या. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

एके दिवशी ट्रेनिंगच्या मोठ्या बाई बालवाडी बघायला आल्या. पायरीवर त्यांची चप्पल वाजली. पोरांनी आपण होऊन ठोकळे पेटीत भरले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"अंजनाबाई, हे शिकवलं होतं आम्ही?"

मागून हौसराव कौतुकानं म्हणाले, "बघा म्याडम, कसं वळण लावलंय!"

अंजनाबाईंनी हाताची घडी घातली.