क्लिपा रेंडर झाल्या, मी रानात होते

मंडळी, आज स्टुडिओतल्या सरांनी कामाच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, "दुपारी तुम्ही कॉम्प्युटरसमोर नव्हता. मग कार्टूनच्या चाळीस क्लिपा रेंडर कुणी केल्या?"

स्क्रिप्टनं केल्या, सर. मी रानात कापूस वेचत होते.

मी स्टुडिओचं काम घरूनच करते, आणि आमच्या नेकनूरकडं लाईट कधी जाईल नेम नाही. आधी मी एकेक क्लिप रेंडरला, म्हणजे चित्रांचा पक्का व्हिडिओ बनवायला, लावायचे आणि तयार होईपर्यंत राखण करत बसायचे. म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला कामं नेमून देणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो आणि उरलेल्या क्लिपा ओळीनं रेंडर होतात.

पहिल्यांदा फसले. लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेली क्लिपही स्क्रिप्टनं झालेली धरली. माझे वडील, अण्णा, हसले. "अगं, अर्धा भिजलेला वाफा भिजला म्हनून सोडतेत का? लाईट आली की पुन्हा त्याच वाफ्याला पानी द्यायचं."

तसंच केलं. आता स्क्रिप्ट अर्धवट फाईल पुसते आणि तीच क्लिप पहिल्यापासून घेते.

सर म्हणाले, "तरी माणूस समोर पाहिजे. उद्यापासून कॅमेरा चालू ठेवा."

मी लिहिलं, "क्लिपा तपासा. एकीत जरी खोट निघाली तर बोला. कॅमेरा लावणार नाही."



अण्णांच्या विहिरीवरची मोटरही लाईट आली की आपोआप सुरू होते. अण्णा पिकात पाणी पोचलं का ते बघतात. मोटरीशेजारी नुसतं बसून राहणाऱ्याला आमच्याकडं कुणी कष्टाळू म्हणत नाही. तुमच्याकडं म्हणतात का?