इस्पितळातून आल्यावर

कलकत्त्यात भवानीपूरला आमच्या वरच्या मजल्यावर एका मराठी बँक अधिकाऱ्याची मुलगी राहायची. कॉलेजात शिकणारी, ट्राममध्ये उभ्यानं वाचणारी, मराठी बोलताना मध्येच बंगालीत घुसणारी. एका उन्हाळ्यात तिनं जेवण, झोप, बोलणं सगळंच सोडलं. इस्पितळात तिला विजेचे झटके दिले. परत आली ती अगदी शांत होऊन.

एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, मी पूर्वी कशी हसायचे? आई म्हणते, तशी हस. मला आठवतच नाही. करून दाखवता?"

कणकेचे हात तसेच धरून मी कशीबशी हसले. तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग हुबेहूब माझ्यासारखी हसली, "बरोबर?" म्हणाली आणि आईला दाखवायला वर गेली.