सरळच हाय

आधी अक्षराची माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चौथीतलंही अर्धं वर्ष म्हशीमागं गेलं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलं नाही. जिथं जी वेलांटी बरी दिसेल तिथं ती देते. तुम्ही सांभाळून वाचा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही, बहिणीला नाही. देवालाही नाही — म्हणजे त्यानं बघितलंच होतं, त्याला काय सांगायचं? तुम्ही बघितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला.

मी मैदानावर फक्की मारते. फक्की म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी. आमचे मालक फौजेतून हवालदार होऊन परत आले, ते येताना फुटबॉल घेऊन आले. कराडवरून पाटणला जाताना आमचं गाव लागतं. तिथं तोवर सगळे कबड्डी खेळायचे. मालकांनी पोरं जमवली, बांबूचे खांब रोवले आणि मला म्हणाले, "दारात रांगोळी काढतीस न्हवं, तशीच हितं काढ. फकस्त ठिपकं नगंत."

मला ते काम आवडलं. पहाटे मैदानावर कुणी नसतं. दोन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, मुठीतून फक्की सोडत वाकून मागं मागं जायचं. वाकलेल्या बाईकडं कोण बघतं? मी फार लाजरी आहे. एसटीत कंडक्टरला गावाचं नावसुद्धा मी शेजारच्या बाईला सांगायला लावते.

पण मी भलतीकडंच चालले. मालकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मालकांचा नशिबावर विश्वास नाही. संध्याकाळी ओट्यावर पोरं बसली की ते चहाचे कप मांडून सामना समजावून सांगतात — हा कप बचाव, हा कप पुढची फळी. आणि शेवटी एकच वाक्य. "पाच गोलनं कुणीबी जिकतंय. एका गोलनं जिकाय सराव लागतो. नशीब म्हंजी आळशाची सबब." मग सहा वर्षांपूर्वीचा ढालीचा सामना निघतो. तो निघाला की मी कप न विचारता उचलते आणि आत जाते. चहा तसाच असला तरी उचलते. आजवर कुणाला त्याचं काही वाटलेलं नाही.

तर तो ढालीचा सामना.

दरवर्षी आमच्यात आणि इस्लामपूरकडच्या एका गावात एकच सामना होतो. जिंकेल त्याला ढाल आणि रोख बक्षीस. नावाला दोन गावं, पण ईर्षा सातारा जिल्हा आणि सांगली जिल्हा अशी. त्या वर्षी सामना आमच्याकडं होता. गवत धरावं म्हणून मालकांनी महिनाभर मैदान बंद ठेवलं होतं. सामन्याच्या दिवशी पहाटे मी नदीकडच्या गोलची रेषा मारायला घेतली, आणि डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. परत फिरली, परत ओरडली. मी खाली बघितलं. दोरीच्या बरोबर खाली, डाव्या खांबापासून दोन हातांवर, चार अंडी. मातीच्याच रंगाची. दोरी नसती तर माझा पाय पडला असता.

आता तुम्हीच सांगा, काय केलं असतं? अंडी उचलली तर टिटवी परत घेत नाही म्हणतात. अंड्यांवर फक्की टाकू? मालकांना उठवू? ते म्हणाले असते, काढून टाक. मग मी रेषा वीतभर पुढं, मैदानाच्या बाजूला घेतली, अंड्यांना वळसा घातला आणि पुन्हा दोरीवर आणली. रांगोळीत वेल वळवतात तशी. लांबून कळतही नव्हतं. वीतभर म्हणजे केवढं?

फुटबॉलमध्ये वीतभर म्हणजे अख्खा चेंडू, हे मला संध्याकाळी कळलं.

त्यांचा गोलकीपर प्रकाश नावाचा होता. उंच, हडकुळा, हात गुडघ्यापर्यंत. त्यानं त्या दिवशी काय काय अडवलं ते मी बघितलंय. मध्यंतरानंतर तो नदीकडच्या गोलमध्ये आला. शून्याला शून्य. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. आमच्या पोरानं चेंडू मधल्या गड्याकडं मारायला पाय उचलला, पाय घसरला आणि चेंडू भलत्याच वाटेनं डाव्या खांबाकडं गेला. (मालक त्याला 'कोन साधला' म्हणतात.) प्रकाश आडवा झेपावला आणि त्यानं चेंडू धरला. दोन खांबांच्या सरळ रेघेच्या अगदी अलीकडं, मैदानातच, धरला. त्याचं कोपर अंड्यांपासून चार बोटांवर होतं. त्याहून चांगला झेल मी आजवर बघितलेला नाही.

पंच कराडचे होते, त्यांना गाडी गाठायची होती. ते पळत आले, फक्की बघितली. चेंडू फक्कीच्या पलीकडं, अख्खा. शिट्टी वाजवली आणि ओरडले, "आत."

"सायेब, रेषा वाकडी हाय," प्रकाश म्हणाला. "खांबातनं बघा की."

पण हे म्हणत उठून बसताना तो त्याच जागेवर घसरला आणि वळशाची फक्की त्याच्याच अंगाखाली पुसली गेली. बघायला काही उरलंच नव्हतं. पंचांनी विचारलं, रेषा कुणी मारली? मालकांनी मला पुढं ढकललं. "हिनं. इचारा हिला."

आणि मग ती सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. दोन जिल्ह्यांची माणसं. प्रकाश मातीतच बसला होता, चेंडू पोटाशी धरून. तो म्हणाला, "मावशी, तुमी सांगा. तुमी सांगशिला ते मला मान्य हाय."

मी म्हणाले, "सरळच हाय."

एवढंच. चारचौघांत मी बोललेले पहिले दोन शब्द, आणि ते खोटे.

लाजेनं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. टिटवी, अंडी, वळसा — एवढं लांबलचक कसं सांगणार होते मी? पण 'वाकडी हाय' हेही दोनच शब्द होते. तेवढीच लाज त्याला लागली असती. खरं हे की आपण जिंकावं असं मला वाटत होतं. मालकांकडं बघून वाटत होतं, आणि माझं मलाही वाटत होतं. संध्याकाळी सगळे मिरवणुकीत असताना मी खराटा घेऊन गेले आणि उरलेली रेषाही झाडून टाकली. अंडी मात्र होती तशीच होती.

पुढचं ऐका. मालक म्हणाले, सराव जिंकला. पोरं मालकांच्या माघारी म्हणाली, काकूंचा हातगुण जिंकला — काकूंनी फक्की मारली की सामना आपला. त्यांनी बक्षिसातले पाचशे एक रुपये 'हातगुणाचा मान' म्हणून माझ्या हातात ठेवले. पुढच्या वर्षी आम्ही चार गोलनं हरलो, तेव्हा म्हणाली, फक्की ओली होती. सराव, हातगुण, ओली फक्की — सगळ्यांचं आपापलं ठरलेलं. टिटवीचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

आणि प्रकाश? पंच 'आत' म्हणाले, म्हणून आमच्या पोरांनी त्याचं नाव आत्या पाडलं. सहा फुटी माणूस, मिशा असलेला, त्याला आत्या. नाव नदीच्या पाण्यासारखं त्याच्या गावापर्यंत गेलं. जिल्ह्याच्या संघात त्याला घेणार होते, म्हणतात. चाचणीच्या दिवशी कुणीतरी बाहेरून हाक मारली, "आत्या, हळदी-कुंकवाला येताय न्हवं?" तो हातमोजे काढून निघून गेला. नंतर खेळला नाही.

हे मला कुणी सांगितलं? त्यानंच. हसत हसत. कारण तो आता कराडला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे, आणि कराडात फक्की त्याच दुकानात मिळते. वर्षातून तीन-चारदा मला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. तो पोतं उचलून रिक्षात ठेवतो आणि म्हणतो, "मावशी, रेषा सरळ मारा बरं का." चेष्टेनं म्हणतो. मला चेष्टा आहे हे कळतं, तरी रिक्षात बसल्यावर घरापर्यंत मी पोत्याची गाठच सोडत-बांधत बसते.

सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी दुसरं काढलं. त्या पाचशे एक रुपयांची फेड. दर खेपेला नोट द्यायची, आणि सुटे न घेता निघायचं. कधी वीस, कधी तीस. घरी मालकांना सांगायचं, फक्की महागली. मालक महागाईवर अर्धा तास बोलायचे. म्हणजे फेडत होते तेही पोरांच्या खेळाच्या मंडळाच्याच पैशातून — आता लिहायलाच बसलेय तर हेही लिहिते.

परवाच्या मंगळवारी शेवटचे अकरा रुपये सोडले. पाचशे एक पुरे झाले. मला इतकं हलकं वाटलं की मी दुकानाच्या पायरीवर उगाच थांबले.

"ए आत्या, मावशी थांबल्यात बघ," आतून दुसरा गडी ओरडला.

प्रकाश बाहेर आला. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तोंड रबरानं बांधलेलं.

"मावशी, तुमी दर खेपंला सुट्टं इसरून जाताय. हाक मारली तर ऐकायच्या आत रिक्षात. मी बाजूला ठिवत आलोय. आजचं अकरा धरून पाचशे एक हायत. मोजून घ्या."

मी म्हणाले, राहू दे. तो म्हणाला, "न्हाई मावशी, मोजा. उगं नंतर माझ्या नावानं काय नगं."

मी पायरीवर बसून मोजले. पाचशे एक होते. तो समोर उभा राहून विचारत होता, "बराबर हाय न्हवं?"

मी म्हणाले, "हाय." पिशवी घेतली आणि रिक्षात बसले.