शिगा-सानांचं मलम

जपानमधल्या त्सुकुबातल्या त्या गल्लीत पोलीस आला तेव्हा स्वप्ना दारात कचऱ्याच्या पिशव्या बांधत होती. शेजारच्या शिगा-सानांची रायफल त्यांच्याकडे राहणार की जाणार, हे आता या बाईच्या तोंडून काय निघतं त्यावर ठरायचं होतं. आणि गंमत अशी, की शेजाऱ्याकडे रायफल आहे हेच मुळी बाईला ठाऊक नव्हतं. पोलीसही ते बोलला नाही. कोणाच्या घरी बंदूक आहे हे गल्लीभर सांगत फिरणं म्हणजे चोराला आमंत्रणच. परवान्याची मुदत संपत आली की एक पोलीस आसपासची दोन-चार दारं वाजवतो, माणूस भांडतो का, पितो का, घरात आदळआपट करतो का, एवढं विचारतो. शेजारी म्हणतात, चांगले आहेत हो. पोलीस मान लववतो आणि जातो. इतका साधा मामला.

पण स्वप्नाच्या पोटात बरंच काही साठलं होतं, आणि ते कुठे ओकायचं याचीच ती वाट बघत होती.

स्वप्ना मूळची पुण्याची. नवरा श्रीहरी त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक, मुलगी नयना पहिलीत. दुपारी रिकामं घर खायला उठायचं, म्हणून बाईने स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात बाइतो धरला होता, तिकडची अर्धवेळ नोकरी. म्हणजे कॅश काउंटरवर उभं राहायचं, वस्तू पिक-पिक करत स्कॅन करायच्या आणि दिवसभर वाकून वाकून आभार मानायचे. वाकता वाकता तिला एक खोड लागली. कोण काय विकत घेतं ते बघायचं आणि त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायचं. तुम्ही म्हणाल चोंबडेपणा. ती म्हणायची निरीक्षण.

अशाच एका दुपारी शिगा-सान काउंटरवर आले. सत्तरीचा, ताठ कण्याचा, मितभाषी माणूस. भूकंपानंतर गाव सोडावं लागलेली काही माणसं त्सुकुबात येऊन राहिली, त्यांतलाच हा एक. एकटाच राहायचा. बायको नाही, मूलबाळ नाही, पाहुणारावळा नाही. त्यांनी टोपलीतून स्पिरिटची बाटली काढून ठेवली, आणि शेजारी दोन ट्यूबा.

त्या ट्यूबा स्वप्नाने लांबूनही ओळखल्या असत्या. नयनाच्या वेळी तिच्या उशाशी तीच असायची. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीला चिरा पडतात, तिथे लावायचं मलम. नुसतं लॅनोलिन, म्हणजे लोकरीतली चरबी. बाळाच्या पोटात गेलं तरी चालतं म्हणून बाळंतिणींना देतात. लहान मुलांच्या सामानात ठेवलेलं असतं. सत्तरीच्या विधुराचं तिथे काय काम?

"पिशवी हवी का?" तिने विचारलं.

"नको," शिगा-सान म्हणाले, आणि दोन्ही ट्यूबा कोटाच्या आतल्या खिशात घातल्या. आतल्या खिशात बरं का. झालं, बाईच्या मनात पाल चुकचुकली.

मग काय, जिकडे बघावं तिकडे पुरावे. शिगा-सानांच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, अडगळीची. तिला सदैव कुलूप, आणि खिडकीला आतून कागद चिकटवलेला. एका रविवारी स्वप्ना गच्चीवजा सज्ज्यात कपडे वाळत घालत होती, तर त्या खोलीतून आवाज. शिगा-सानच बोलत होते, पण कोणाशी? काहीतरी दोन शब्द सांगायचे, जरा थांबायचे, मग ठणकावून म्हणायचे, "योशी." म्हणजे ठीक, झालं. पुन्हा दोन शब्द, पुन्हा योशी. कोणाला तरी हुकूम द्यावा, त्याने तो मुकाट पाळावा, आणि यांनी शाबासकी द्यावी, असं. समोरून उत्तर म्हणून नाहीच. स्वप्नाच्या हातातली चादर हातातच राहिली.

आणि कचरा. तिकडे जाळायचा कचरा पारदर्शक पिशवीत टाकावा लागतो, झाकायची सोय नाही. शिगा-सानांच्या पिशवीत मऊ फडक्यांचे चौकोनी तुकडे दिसले, एका मापाने कापलेले, पिवळट तेलकट डागांचे. बाळाच्या दुपट्याचंच कापड. बाईने इकडेतिकडे बघून पिशवीशी नाकही नेलं. पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा वास आला. बाळंतिणीच्या खोलीतला तो मलमाचा वास, ती तरी कसा विसरेल?

तिने टोकियोच्या एदोगावा भागातल्या सुचेताला फोन लावला. सुचेता तिची कॉलेजातली मैत्रीण, आणि तिखटमीठ लावण्यात स्वप्नाच्या दोन पावलं पुढे.

"स्पिरिट, मलम, दुपटी," सुचेता म्हणाली. "अगं, आत कोणीतरी बाळंत झालंय. एखादी अडलेली पोरगी आणून कोंडली असेल त्याने."

"काहीतरीच काय," स्वप्ना म्हणाली, पण तिच्याही मनात नेमकं तेच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते खरंच वाटायला लागलं.

श्रीहरीला सांगितलं तर त्याने लॅपटॉपवरून डोकंही वर केलं नाही. "नसत्या भानगडीत पडू नकोस. माझं व्हिसाचं रिन्यूअल आहे."

"आणि आपली पोर दिवसभर त्यांच्या कुंपणाशी खेळते, त्याचं काय?"

नयना तेवढ्यात जपानीत म्हणाली, "शिगा-सान यासाशीइ यो." म्हणजे ते प्रेमळ आहेत. आता या पोरीला काय सांगायचं, कपाळ? शिगा-सानांनी रताळ्याच्या वाळवलेल्या फोडी आणून दिल्या होत्या, तिकडचा तो आवडता खाऊ. स्वप्नाने दारात हसून घेतल्या आणि दार लावल्यावर टाकून दिल्या. थंडीतल्या शनिवारी ते उजाडायच्या आत गाडी काढायचे आणि रविवारी परतायचे. ते डिकीतलं प्लास्टिक धूत असताना त्यावरचे काळपट डाग तिने पाहिले. तेव्हापासून ती नयनाला कुंपणाशी जाऊ देईना.

तर अशा बाईच्या दारात पोलीस येऊन उभा राहिला.

"शेजारचे शिगा-सान कसे आहेत?" त्याने हसत विचारलं. "नेहमीचीच चौकशी आहे."

स्वप्नाला नेहमीची चौकशी माहीत होती. पुण्यात पासपोर्टसाठी पोलीस यायचा, तेव्हा शेजारचे काका चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, सज्जन माणसं आहेत. ओळख असो वा नसो. पण इथे आत एक पोरगी अडकली असेल आणि आपण सज्जन म्हणून मोकळं व्हायचं? तिला ते पाप वाटलं. हे मात्र तिच्या बाजूने बोललंच पाहिजे, की तिने जे केलं ते भीतभीतच केलं, आणि एका न पाहिलेल्या पोरीसाठी केलं.

तिने सगळं सांगितलं. मलम, फडकी, आवाज, डाग. पोलिसाचं हसू हळूहळू मावळलं.

"शेजारी म्हणून तुम्हाला असुरक्षित वाटतं का?"

"हो," स्वप्ना म्हणाली.

तो एक शब्द त्याने लिहून घेतला.

पुढच्याच दिवशी दुपारी दोन पोलीस शिगा-सानांकडे आले. स्वप्ना पडद्याआड उभी. थोड्या वेळाने कालचाच पोलीस तिच्या दाराशी आला. "शिगा-सान म्हणतात, शेजारीणबाईंनाही बोलवा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की त्यांची काळजी जाईल."

पत्र्याची खोली उघडी होती. आत ना पोरगी, ना पाळणा. एक टेबल, त्याला पक्कं आवळलेलं दांड्याचं दाबयंत्र, आणि ताटात ओळीने उभ्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. बाजूला ती ट्यूब, स्पिरिटची बाटली आणि फडक्यांची चळत. रायफल आणि बंदुकीची दारू घरात पोलादी कपाटांत, वेगवेगळ्या कुलपांत होती. ती पोलिसांनी आधीच पाहिली होती.

"मी रानडुकरं मारतो," शिगा-सान खालमानेने म्हणाले, जणू तेच एखादं पाप होतं. "माझ्या जुन्या रायफलीच्या मापाची काडतुसं आता मागवूनही मिळत नाहीत. म्हणून वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतो."

त्यांनी एक पुंगळी उचलून दाखवली. बार उडाला की पितळ फुगतं. ते पुन्हा मापात आणायला या पोलादी साच्यात दाबावं लागतं. कोरडी दाबली तर अशी रुतून बसते, की साचा आणि पुंगळी दोन्ही वाया. म्हणून लॅनोलिन स्पिरिटमध्ये विरघळवून तिच्यावर फवारायचं आणि स्पिरिट उडून जाऊ द्यायचं. मागे अगदी पातळ थर राहतो.

"जास्त लागलं तर?" स्वप्नाच्या तोंडून आपसूक निघालं.

"तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, पोचे पडतात. तेलाला जायला जागा नसते."

स्वप्ना बघतच राहिली. माव्याच्या मोदकाचा साचा. तुपाचं बोट फिरवलं नाही तर मोदक साच्यात अडकतो, आणि जास्त झालं तर कळ्या बुजतात. हे तिला आईने शिकवलेलं, आणि दर गणपतीत ती स्वतः करते. आणि याच गोष्टीवरून तिने या माणसाच्या घरात एक बाळंतीण कोंडून ठेवली होती.

"मग फडक्याने प्रत्येक पुंगळी पुसायची," ते सांगत होते. "आत तेल राहिलं तर दारू बिघडते, आणि समोर डुक्कर असताना बार फुसका जातो. बाहेर राहिलं तर पुंगळीची पकड सुटते, धक्का मागे येतो. म्हणून मी बोटाने दाखवून मोठ्याने म्हणतो. तेल पुसलं, योशी. आत कोरडं, योशी. आयुष्यभर आगगाडी चालवली. सिग्नलकडे बोट दाखवून बोलल्याशिवाय गाडी हलवायची नसते. तीच सवय राहिली. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

आणि सत्तरीचा तो माणूस तिच्यापुढे कमरेत वाकला. स्वप्नाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

फुकुशिमाच्या किनाऱ्याकडचं त्यांचं गाव भूकंपानंतर रिकामं झालं होतं. माणसं गेली आणि रानडुकरं आली. घरांत शिरली, पाटांत लोळली, स्मशानातली माती उकरायला लागली. शिगा-सानांच्या बायकोचं थडगं तिथे होतं. गावातले उरलेले म्हातारे शिकारी थंडीत जमत, आणि हेही त्यांच्याबरोबर जात. किरणोत्सर्गामुळे मांस खायची सोय नव्हती, ते नेऊन जाळत. लोकांना परतायला गाव शाबूत राहावं, एवढंच.

हे सगळं झाल्यावर पोलिसांनी काही चुकीचं नाही असं सांगितलं आणि ते गेले. स्वप्नालाही वाटलं, सुटले. चूक झाली, चूक कळली, संपलं. ते कुठे संपतंय?

काही दिवसांनी शिगा-सान कुंपणाशी येऊन तिच्याशी बोलले, तेव्हा तिला कळलं. कागदपत्रांत खोट नव्हती. पण वय झालेलं, आणि शेजाऱ्यांना असुरक्षित वाटतं अशी नोंद झालेली. रायफल आपणहून परत करण्याचा विचार करावा, असं त्यांना सुचवलं होतं. नुसतं सुचवलं होतं, जबरदस्ती नव्हती. नाही म्हणता आलं असतं.

"मग नाही म्हणा ना," स्वप्ना म्हणाली.

"शेजारी घाबरलेले असताना बंदूक ठेवायची, हे बरं नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने श्रीहरीला सुट्टी टाकायला लावली. "व्हिसाचं काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. "मी बोललेलं मलाच परत घेतलं पाहिजे." श्रीहरीने लॅपटॉप मिटला. सकाळी दोघं पोलीस स्टेशनात गेली. तिने रात्री पाठ केलेली जपानी वाक्यं एकामागून एक म्हटली. मला असुरक्षित वाटत नाही. माझी चूक होती. शिगा-सान चांगले आहेत.

तो पोलीस शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्यांनी काल संध्याकाळीच जमा केली."

शनिवारी उजाडताना शिगा-सानांची गाडी दारात उभी होती. या खेपेला डिकीत फावडं आणि झाडू होता. स्वप्ना ओढणी आवळून बाहेर आली.

"आता तिकडची डुकरं कोण मारणार?" तिने विचारलं.

"तिघं आहेत अजून. एकाला दिसत नाही नीट." ते किंचित हसले. "मी जाऊन थडग्यावर माती पुन्हा लोटून येईन. तेवढं अजून करता येतं." मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी ट्यूब काढली, न उघडलेली. "ही उरली. दुकानात सारखे हात धुता तुम्ही, चिरा पडल्या आहेत. याने बऱ्या होतात."

तिच्या हातांवरच्या चिरा श्रीहरीलाही कधी दिसल्या नव्हत्या. तिने ती ट्यूब घेतली आणि तिला रडू आलं, सरळ, लपवता न येण्यासारखं.

शिगा-सानांनी तिच्याकडे बघितल्यासारखं केलं नाही. ते गाडीभोवती फिरले. दिव्याकडे बोट करून म्हणाले, योशी. चाकाकडे, योशी. डिकीच्या कडीकडे, योशी. आणि गाडीत बसून निघून गेले.

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर रिकाम्या रस्त्याकडे बोट करून स्वप्ना हळूच म्हणाली, "शिगा-सान, योशी." त्या पोलिसाला तिच्याकडून एवढंच हवं होतं.