बाईसाहेबांच्या आत

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापडाला पहिली कात्री लावायची ती मास्तरीण. सव्वीस वर्षं. समोरून येणाऱ्या बाईकडे नुसतं बघून माप सांगायची, अर्धा इंचही चुकायची नाही. पण तिच्याही वर एक जण होतं. कापायच्या टेबलाशेजारी लोखंडी पायावर उभा केलेला, मुंडकं नसलेला, कापडाने मढवलेला बाईचा पुतळा. सगळ्या त्याला बाईसाहेब म्हणायच्या. प्रत्येक नमुना आधी बाईसाहेबांच्या अंगावर चढायचा. नीट बसला तर बरोबर, चुणी पडली तर चूक. माणसं खोटं बोलतात, बाईसाहेब बोलत नाहीत, असं मालक उठता-बसता ऐकवायचा.

मास्तरणीचा डावा खांदा बाईसाहेबांपेक्षा उतरता होता, म्हणून ब्लाउजच्या आत ती कापसाची छोटी गादी शिवायची. माझ्या अंगातच खोट आहे, असं सांगायची, जणू जन्मदाखल्यावरच लिहून आलंय.

तिची धाकटी जाऊ तिच्याच हाताखाली कापायची. हात वर केला की काखेत काचतं, अशी ते गणवेश घालणाऱ्या नर्सबायांची कायमची तक्रार. मालकाचं उत्तर ठरलेलं: दंड बारीक करा. एकदा जावेने कुणाला न विचारता काख अर्धा इंच सैल कापली. नमुना बाईसाहेबांवर चढला, काखेत चुणी पडली आणि मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मास्तरणीने मान डोलावली. घरच्या जावेसाठी तोंडातून ब्र काढला नाही.

मी कामगार संघटनेचं काम करते, म्हणून जाऊ माझ्याकडे आली. माझं शिक्षण सातवी; पण संघटनेच्या अभ्यासवर्गात फ्रान्सच्या विचारवंतांची भाषांतरं मी चावून खाल्लीत, आणि ती कळायला कुणा प्राध्यापकाची गरज पडली नाही. सत्ता दरवेळी दांडकं घेऊन येत नाही. कधी मापाची टेप घेऊन येते, आणि चूक तुझीच म्हणून तुझ्याच तोंडून वदवून घेते. एवढी शिदोरी घेऊन मी कारखान्यात गेले आणि मालकाला म्हटलं, नमुना सगळ्यांसमोर पुन्हा चढवा, चूक कुणाची ते बघू. तो हसत तयार झाला.

मास्तरणीने नमुना चढवला. काखेतली चुणी काढायला जोर लावून ओढला, आणि बाईसाहेबांचं जुनं कापड काखेपासून कंबरेपर्यंत टरकन फाटलं. आतून चिंध्या आणि कापूस भसाभसा खाली आला. आत लाकडाची सपाट छाती. रुंद खांदे. छातीवर पुसट छापलेलं: पुरुषांचा कोट, मध्यम.

एकेक मशीन थांबत गेली. कोपऱ्यातली काजं करणारी म्हातारी हळूच म्हणाली, "अगं बाई, हा तर बाप्या निघाला." कुणी हसलं नाही. असल्या गोष्टी मी पुस्तकात वाचल्या होत्या. कापूस सांडताना पाहिला नव्हता.

मालकाला काडीची लाज नाही. कोटांचं काम बंद पडलं तेव्हा वडिलांनी तोच पुतळा भरून घेतला, म्हणे. "मग काय झालं? तीस वर्षं याच्यावरच कपडे बेतले. म्हणजे बरोबर तेच ना?" आणि दोघीतिघींनी माना डोलावल्या. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या मानांनी मला जास्त हादरवलं.

मी फोटो काढायला मोबाइल काढला.

"ठेव तो," मास्तरीण म्हणाली. मग मालकाकडे वळली. "हे मी आत्ता शिवून टाकते. बाहेर कुठे कारखान्याचं नाव निघणार नाही. उद्यापासून माझी जाऊ टेबलावर, आणि काख तिच्या मापाची."

मालकाने फाटलेल्या पुतळ्याकडे पाहिलं, माझ्या मोबाइलकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. खरं उघडं पडलंय आणि तू ते शिवून विकतेस, असं मी तिला तोंडावर सुनावलं.

"तुला कारखान्याच्या फाटकात ओरडायला खरं पाहिजे, ताई. तिला सकाळी काम पाहिजे."

तिने कापूस गोळा करून आत कोंबला. तरी डाव्या छातीत खळगा राहिला. तेव्हा तिने स्वतःच्या ब्लाउजच्या गळ्यातून हात घातला, खांद्याची गादी टाके तोडून ओढून काढली, त्या खळग्यात दाबली आणि वरून शिवलं. टाका शोधून सापडेना. बाईसाहेब पुन्हा बाई झाल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊ कामावर गेली. शब्द मास्तरणीचा होता, म्हणून कारखान्याचं नाव मी आजही लिहीत नाही.

पुतळा शिवला त्या संध्याकाळी मास्तरीण माझ्यापुढे चालत होती. डावा खांदा चांगला इंचभर खाली. पर्सचा पट्टा त्यावरून सारखा घसरत होता. तीनदा तिने तो वर ओढला. चौथ्यांदा पर्स उजव्या खांद्याला लावली आणि चालत राहिली.