अभिलेखानुसार शून्य

"मॅडम, चार वाजायच्या आत कागद निघाला पाहिजे. दिल्लीला जायचाय," गटारं सांभाळणाऱ्या खात्याचे साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. फाइलमध्ये एकच तक्ता होता. आमच्या भागातल्या प्रत्येक वॉर्डासमोर शून्य लिहिलेलं.

मी तेव्हा वाराणसीत सरकारी पॅनलवर वकील होते. पॅनल म्हणजे सरकारी खात्यांनी कामापुरत्या नेमलेल्या वकिलांची यादी. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात एक खटला चालू होता. माणसाने हाताने मैला उपसणं आणि गटारात उतरणं कायद्याने बंद आहे. ते खरंच बंद झालंय का, असं न्यायालयाने विचारलं होतं. उत्तर द्यायचं होतं ॲटर्नी जनरलनी, म्हणजे महान्यायवादींनी. केंद्र सरकारचा हा सर्वांत मोठा वकील. लोकांना वाटतं, त्याचं काम सरकारची बाजू लढवणं. ते आहेच. पण नागरिकाचा हक्क मोडला जात असेल तर न्यायालयाला खरं काय ते सांगणं, हेही त्याचंच काम. मी स्वतः एका लॉ कॉलेजात सहा वर्षं हे शिकवलंय. टेबलावर हात आपटून शिकवलंय.

आता महान्यायवादी काही गल्लोगल्ली फिरून झाकणं उघडून बघणार नाहीत. ते खालून आलेल्या कागदाच्या भरवशावर बोलतात. दिल्ली विचारते राज्याला, राज्य जिल्ह्याला, जिल्हा खात्याला, आणि खातं माझ्यासारखीला.

"साहेब, हे शून्य खरं आहे?" मी विचारलं. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं.

"खात्याच्या नोकरीत असा एकही माणूस नाही."

"आणि घाटाकडच्या गल्ल्यांचं काय? तिथे मशीनची गाडी शिरतच नाही."

"तेवढं तुम्ही सांभाळून घ्या. नाहीतर वकील कशाला लागतो?"

मी सांभाळून घेतलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी लिहिलं: 'अभिलेखानुसार या क्षेत्रात असे काम करणारी एकही व्यक्ती नाही. एखादा रहिवासी खाजगीरीत्या कोणास बोलावत असल्यास त्याचा विभागाशी संबंध नाही.' अभिलेख म्हणजे दफ्तरातली नोंद. हा शब्द म्हणजे आम्हा सरकारी वकिलांची छत्री. नोंदच नसेल तर खोटं कोण बोललं? खाली 'विधिक अभिमत', म्हणजे वकिलाचं मत, म्हणून माझं नाव आणि सही.

"क्या ड्राफ्टिंग है, मैडम!" साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

रहिवासी खाजगीरीत्या बोलावतात, हे मला इतकं चटकन सुचलं कसं? कारण तो रहिवासी मीच होते.

मंगला गौरीच्या देवळाजवळची आमची गल्ली एवढी अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं. गटार तुंबलं की तिथली सगळी मराठी घरं एकाच माणसाला फोन करत. लल्लनला. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'लल्लन चेंबर' या नावाने होता. तो अंगाला मोहरीचं तेल चोळायचा, झाकण काढून तासभर आतला वास जाऊ द्यायचा आणि कमरेला दोर बांधून उतरायचा. दोराचं दुसरं टोक धरून त्याची बायको मुन्नी वर बसायची. काम झालं की आमच्याकडचा चहा. त्याचा स्टीलचा पेला आमच्या दाराबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. संविधानाचं सतरावं कलम, अस्पृश्यतेला बंदी, मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. पेला कोनाड्यातच होता.

कागद गेल्यावर चारेक महिन्यांनी लल्लन एका सकाळी दारात उभा राहिला. हातात लिफाफा.

"दीदी, जरा पढ़ देंगी? सरकारी चिट्ठी है."

गटारात उतरणाऱ्यांच्या सरकारी यादीत नाव घालावं म्हणून त्याने अर्ज केला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, छाती पार गेली आहे, पुन्हा उतरलास तर वर येशील याचा भरवसा नाही. यादीत नाव आलं की दुसऱ्या कामाचं ट्रेनिंग मिळतं, ते काम सुरू करायला मदत मिळते. त्याची सगळी भिस्त त्या यादीवर होती.

मी वाचू लागले. आपला अर्ज मिळाला, त्यावर विचार झाला, वगैरे. दुसऱ्या परिच्छेदात माझं वाक्य आलं. शब्द न् शब्द माझं. शेवटी कंसात माझं नाव.

मी ते वाक्य गाळलं. चक्क गाळलं. "अर्ज मंजूर झालेला नाही," मी म्हणाले. "कारण काही नीट लिहिलेलं नाही त्यांनी."

लल्लनने माझ्या हातातून कागद परत घेतला. मग म्हणाला, "लिखा है, दीदी. बिटिया पढ़ के सुनाई थी. नाम भी पढ़ी."

"मग माझ्याकडे कशाला आणलंस?" मी त्याला हिंदीत विचारलं.

"सोचे, आप पढ़ेंगी त कुछ और निकलेगा."

तो चिडला असता, ओरडला असता, तर मीही आवाज चढवला असता. वकिलाला तेवढं येतं. त्याने लिफाफा नीट घडी करून खिशात ठेवला. "आप लिखी हैं कि हम हैं ही नहीं. त नीचे कौन उतरता है?" एवढं विचारून तो गेला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेले.

"साहेब, तो कागद दुरुस्त करायला हवा. तो खोटा आहे."

"खोटा कुठे? अभिलेखानुसार आहे. तुम्हीच लिहिलाय."

"त्या लल्लनचं नाव तरी यादीत घाला."

"पुरावा आणा. कोणी उतरवलं त्याला? त्याने लिहून द्यावं."

इथेच तर मेख होती. उतरवणं हा गुन्हा आहे. जो लिहून देईल तो स्वतःचा गुन्हा कबूल करणार. शेजारच्या दुर्गाकाकूंना मी विचारून पाहिलं. लल्लनला फोन करण्यात त्यांचा नंबर नेहमी पहिला.

"अगं, आमचं नाव नको हं टाकूस कुठे. ह्यांची पेन्शन आहे. झंझट नको बाई," त्या म्हणाल्या. "आणि तुला तरी काय पडलंय? चांगली सरकारी वकील आहेस."

त्यांना नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. कारण मीही लिहून दिलं नाही. विचार करते आहे असं स्वतःला सांगत राहिले. पॅनल जाईल, केस होईल, वकिलीची सनद धोक्यात येईल. असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी गल्लीत झाकण ओढल्याचा आवाज आला. लोखंड दगडावर घासल्याचा. कोणीतरी लल्लनला बोलावलं होतं. तो आला होता, कारण यादीत नाव नसलेल्याला दुसरं काम नव्हतं. त्याला मीच उतरवलं, अशी कबुली देणारं प्रतिज्ञापत्र मी टेबलापाशी बसून लिहीत होते. तिसऱ्या परिच्छेदावर अडले होते. खाली जाऊन "उतरू नकोस" एवढं म्हणायला प्रतिज्ञापत्र लागत नाही. मी गेले नाही. त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती म्हणून गेले नाही.

मग मुन्नीची किंकाळी ऐकू आली.

चौघांनी दोर ओढून त्याला वर काढलं. खाटेवर घालून हॉस्पिटलात नेलं. तो वाचला. पण आता घाटाच्या चार पायऱ्या चढला की बसतो.

दुसऱ्या दिवशी मी नोटरीकडे गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "मैडम, ये तो कबूलनामा है."

"हो," मी म्हणाले. "शिक्का मारा."

'मी, खाली सही करणार, अनेक वर्षे या माणसास माझ्या घरासमोरील गटारात उतरवत आले आहे.' वकिलीत मी लिहिलेलं हे सर्वांत सरळ वाक्य असावं. दोन आठवड्यांत एका ओळीच्या पत्राने मला पॅनलवरून काढलं. त्याला उतरवल्याबद्दल माझ्याविरुद्ध आलेली नोटीस अजून निकालात निघालेली नाही, आणि ती निघावी अशी घाई मला नाही. कोनाड्यातला पेला मी आत घेतला. लल्लन आता आमच्याकडे चहाला येत नाही.

त्याचं नाव यादीत आलं. ट्रेनिंगला मात्र मुन्नी जाते. त्याच्यात तेवढा दम उरलेला नाही.

नव्या पॅनल वकिलांना माझं एकच सांगणं आहे. कागदावर सही करण्याआधी एकदा स्वतःच्या गल्लीतून चालत जा, आणि आपल्या फोनमधली नावं वाचा.

दिल्लीला सुधारित तक्ता गेला. आमच्या वॉर्डासमोर आता शून्याच्या जागी एक आहे. शेजारच्या गल्ल्यांमध्ये अजून किती लल्लन आहेत ते मला ठाऊक आहे, साहेबांनाही ठाऊक आहे. म्हणजे हा 'एक'सुद्धा खोटाच. अभिलेखानुसार मात्र बरोबर आहे.