टोमॅटोची भुकटी आणि सकाळची एसटी

गुंजवण्याच्या आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. लग्न होऊन भोरला आले आणि नसरापूरच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरी लागली. सासूबाईंनी अडवलं नाही, याचे उपकार मी विसरलेले नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "कालवण करून जा. भाकऱ्यांचं मी बघते."

पण कांदा-टोमॅटो चिरून, तेल सुटेपर्यंत परतेस्तोवर एसटी निघून जायची. रोजच्या उशिराला कंटाळून डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "जमत नसेल तर मी दुसरी मुलगी बघते."

त्याच सुमारास कामथडीच्या बचत गटातल्या एक मावशी खिडकीशी आल्या. पिशवीत लाल भुकटीच्या पुड्या होत्या.

"टोमॅटोचा भाव पडला की आमी वाळवून दळतो. चिरायला नको, परतायला नको. चमचाभर घाल अन् गाडी धर!"

दुसऱ्या सकाळी मी ती तिखटासारखी सरळ फोडणीत टाकली. लाल पूड तेलातच घालायची, हेच आईकडं पाहिलेलं. डोळ्यांदेखत ती काळी पडली आणि घरभर करपट धूर झाला.

सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "कॉलेजात फोडणी शिकवत नाहीत वाटतं?"

पातेलं घासून पुन्हा कालवण केलं. एसटी अर्थातच गेली. दुधाच्या टेम्पोत बसून कशीबशी पोचले आणि मावशींना फोन लावला.

"अगं येडे, तेलात न्हाई टाकायची! टोमॅटोत गोडवा असतो, लगेच जळतो. कोमट पाण्यात कालव अन् रश्शाला उकळी आली की सोड."

तसं केलं. रस्सा दाट झाला, सासरे वाटी पुढं करून पुन्हा मागू लागले. मी एसटीच्या आधी चौकात उभी राहू लागले. त्या दिवसांत गाडीत खिडकीची जागा मिळायची.

एका सकाळी मी चप्पल घालत असताना सासूबाई म्हणाल्या, "तुझं हल्ली लवकर आटपतं गं. उद्यापासून भाकऱ्याही थापून जात जा. माझ्या गुडघ्यांमुळं उभं राहवत नाही."

गुडघे खरंच सुजलेले होते. मी "बरं, आई" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्या एका होकारावर तर माझी नोकरी उभी होती.

आता रस्सा शेगडीवर आपला शिजत असतो. मी भाकऱ्या थापते आणि कान रस्त्याकडं लावते. आज एसटीचा हॉर्न ऐकू आला, तेव्हा एक भाकरी तव्यावर होती आणि परातीत अजून बरंच पीठ होतं. मी गॅस मोठा केला.